खिचडीचे त्रैराशिक

१९१४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या आपल्या खोलीत श्रीनिवास रामानुजन विस्तवावर भाजी परतत होते. कट्टर शाकाहारी माणूस, परक्या देशात मनासारखे जेवण मिळेना, म्हणून स्वयंपाक स्वतःच करायचा. जेवायला आलेले किंग्ज कॉलेजातले तरुण विद्यार्थी प्रशांतचंद्र महालनोबिस टेबलाशी बसून ‘स्ट्रँड’ मासिकातले कोडे वाचून दाखवत होते. एका लांब रस्त्यावर ओळीने घरे आहेत, त्यांना एकपासून क्रमांक दिले आहेत. एका घराच्या डावीकडच्या सर्व क्रमांकांची बेरीज आणि उजवीकडच्या सर्व क्रमांकांची बेरीज सारखीच येते. घरे पन्नासहून जास्त, पाचशेहून कमी. तर त्या घराचा क्रमांक कोणता? महालनोबिसांनी थोडी आकडेमोड करून उत्तर काढले होते : २८८ घरांतले २०४ वे घर. रामानुजनांनी भाजी हलवता हलवताच सांगितले, लिहून घ्या. त्यांनी जे सांगितले त्यात एकाखाली एक उतरत जाणाऱ्या अपूर्णांकांची साखळी होती, आणि त्या एका साखळीत असल्या सगळ्या कोड्यांची उत्तरे होती. घरे आठच असतील तर सहावे घर, हे त्यातले सर्वांत सोपे. डावीकडे एक ते पाचची बेरीज पंधरा, उजवीकडे सात आणि आठ मिळून पंधरा.

आज २२ डिसेंबर. १८८७ साली याच दिवशी रामानुजन जन्मले. त्यांच्या १२५ व्या जयंतीचे २०१२ हे वर्ष देशाने राष्ट्रीय गणित वर्ष म्हणून पाळले आणि तेव्हापासून २२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिन झाला. आज शाळाशाळांतून प्रतिमापूजन होईल, भाषणे होतील, १७२९ या संख्येची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जाईल. ते व्हावेच. पण रामानुजनांच्या त्या भाजीच्या कढईकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. कढईमुळे कोणी रामानुजन होत नाही, हे आम्हालाही कळते. मात्र गणिताला पाटी, फळा आणि चाळीस मिनिटांचा तास लागतोच, ही आपली समजूत त्या कढईपाशी सैल व्हायला हरकत नाही.

वाशीम जिल्ह्यात हे दिवस तुरीच्या शेंगांचे. बहुतेकांचे सोयाबीन घरातून गेलेले असते, हरभरा वावरात हिरवा असतो आणि संध्याकाळी टोपल्याभोवती आजी, माय, दोन-तीन लेकरे शेंगा सोलायला बसलेली असतात. हा गणिताचा तासच आहे, फक्त घंटा वाजलेली नसते. एका शेंगेत दाणे तीन, की चार, की पाच? दहा शेंगा सोलल्या तर मूठ भरेल का? वाटी भरायला किती शेंगा लागतील, आधी अंदाज सांग, मग मोजू. पाच वर्षांचे पोर ‘शंभर’ म्हणते, कारण त्याला ठाऊक असलेली ती सर्वांत मोठी संख्या असते. दोन-चार संध्याकाळी गेल्या की तेच पोर शंभरावरून खाली उतरते आणि खऱ्या उत्तराच्या आसपास घुटमळू लागते. अंदाज बांधणे, मोजून पाहणे आणि अंदाज सुधारणे हा गणिताचा मूळ धडा त्याला कोणत्याही पुस्तकाआधी मिळालेला असतो.

याच ढिगात आपल्या भाषेची एक अडचणही सुटते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारायचे आणि लिहिताना दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची वाट दाखवली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उठला. थट्टा झाली, विधिमंडळात चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी आयुष्यभर गणित सोपे करून सांगण्याचे काम केले होते. मुले जोडाक्षरी संख्यानामांपाशी अडखळतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तो वाद कुणीही जिंको, टोपल्याशेजारी मात्र त्याचा निकाल सहज लागतो. शेंगांचे दहा-दहाचे ढीग करा. दोन ढीग आणि वर पाच सुट्या. आता याला पंचवीस म्हणा की वीस पाच, डोळ्यांना दोन दहा आणि पाच दिसतात. ज्याने असे ढीग केले आहेत, त्याला दशक आणि एकक हे शब्द पुढे शाळेत परके वाटत नाहीत.

मग भाकरीकडे येऊ. घरात चौघे, दोन-दोन खाणारे, म्हणून रोज आठ भाकरी. आज दोन पाहुणे येणार. माय परातीवर बसता बसता विचारते, “चौघाले आठ लागतात, दोन पाव्हणे वाढले, तं किती थापू रे?” पोरगा चटकन सांगतो, “दहा.” दोन वाढले म्हणून दोन मिळवले. शाळेत या उत्तरावर लाल फुली पडते आणि विषय संपतो. परातीशी मात्र माय म्हणते, “पाव्हण्याले एकएकच भाकर वाढतं का?” पोरगा क्षणभर थांबतो, मनात ताटे मांडतो आणि म्हणतो, “बारा!” त्या एका क्षणात तो बेरजेतून गुणाकारात गेला. शिक्षणशास्त्रातली माणसे ज्याला प्रमाणाचा विचार म्हणतात आणि सहावी-सातवीपर्यंत मुलांना जो अवघड जातो, त्याचा पहिला उंबरठा हाच. आणि चूक उत्तराची शिक्षा काय? पाहुण्याची फजिती, तीही कल्पनेतली. इतकी सौम्य परीक्षा जगात दुसरी नसेल.

तापलेल्या तव्याशेजारी अपूर्णांकही बसलेले असतात. अर्धी भाकर, चतकोर भाकर आणि त्याहून लहान नितकोर. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या प्रत्येकासाठी मराठीने स्वतंत्र शब्द घडवून ठेवला आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीने नुसते बे-चे पाढे पाठ केले नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीही त्यांना तोंडपाठ असे. १९५७ मध्ये नवे पैसे आले, मग दशमान वजने-मापे आली आणि या उजळण्यांची गरज संपली. ते योग्यच झाले. हिशेब सोपा झाला. पण उजळण्यांबरोबर ते शब्दही मुलांच्या जिभेवरून उतरू लागले. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांना आज ‘पावणेदोन’ म्हणजे किती, हे थांबून विचारावे लागते. हे शब्द अजून रोज वापरात असलेली एक जागा म्हणजे स्वयंपाकघर. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. भाताला दुप्पट पाणी, आणि तांदूळ जुना असेल तर अडीचपट. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा ही हाताची मापे, आणि पातेल्यातले पाणी मोजायला बोटाचे पेर. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, हे आजीला अजून आठवत असेल तर तिला विचारा. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ का म्हणतात, हेही ती सांगेल. दोनची पट, दोनची पट असे चढत जाणारे हे माप म्हणजे संगणकाच्या गणिताचे गावाकडचे भावंड आहे.

स्वयंपाक आणि गणित यांची सोयरीक आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, पाटण येथे मठ स्थापल्याचा शिलालेख आजच्या चाळीसगावजवळ आहे. म्हणजे हा वारसा महाराष्ट्राच्या मातीतला. त्या ‘लीलावती’त एक प्रवासी वाण्याच्या दुकानाशी उभा आहे. एका द्रम्माला साडेतीन मापे तांदूळ मिळतो आणि आठ मापे मूग. त्याच्या हातात तेरा काकिण्या आहेत, आणि चौसष्ट काकिण्यांचा एक द्रम्म. तो म्हणतो, दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग असे दे, आणि लवकर दे, घाईने जेवून निघायचे आहे, सोबतचा तांडा पुढे चालला आहे. खिचडी हा शब्द भास्कराचार्य वापरत नाहीत, पण दोनास एक तांदूळ-मूग घेऊन घाईत असलेला माणूस दुसरे काय शिजवणार? उत्तर काढून पाहा. मूग येतो सात छेद चोवीस माप, आणि तांदूळ येतो सात छेद बारा. सातबारा हा आकडा वाशीमच्या शेतकऱ्याला तरी शिकवावा लागणार नाही. याच ग्रंथात आणखी एक प्रश्न आहे : गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू या सहा रसांतून एक, दोन, तीन असे निवडत गेले तर पदार्थाच्या किती चवी होतील? सहा, पंधरा, वीस, पंधरा, सहा आणि एक, एकूण त्रेसष्ट. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या आपल्या सर्वश्रेष्ठ गणितज्ञाला उदाहरणे सुचली ती वाण्याच्या दुकानात आणि ताटात.

आजची स्थिती काय आहे? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांनाच हातच्याची वजाबाकी करता आली, आणि पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार. आधीच्या पाहणीपेक्षा हे आकडे सुधारले आहेत, तरीही पाचवीतल्या दहांपैकी सात मुलांना भागाकार येत नाही, हा त्यांचा अर्थ बदलत नाही. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि साधी गणिते यावीत, हे ‘निपुण भारत’ अभियानाचे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे. वाशीम तर २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे राज्यातले त्याचे सोबती. या यादीतल्या जिल्ह्यांची जी मोजणी होते, तिच्यात शिक्षण हा एक मोठा रकाना आहे. तो भरायला इमारती, शिक्षक, पुस्तके लागतात, आणि ती देणे हे सरकारचे काम आहे. त्या कामातून चुलीकडे बोट दाखवून कुणाची सुटका होऊ नये. पण शाळेतले तास सोडले तर उरलेला सगळा दिवस मूल घरात असते, आणि घरात रोज दोनदा काहीतरी शिजते.

इथे एका सोयीच्या गैरसमजाला आवर घालायला हवा. ‘जीवनातून गणित आपोआप येते’ असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक संशोधन फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी चौदाशेहून अधिक मुले त्यांनी तपासली. ही मुले तराजूवर आठशे ग्रॅम बटाट्यांचे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांद्यांचे पैसे मनातल्या मनात करत, उरलेले सुटे पैसे बिनचूक परत देत. त्याच मुलांपुढे तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने, कागदावर मांडली की ती अडत. उलट, शाळेत कागदावर पुढे असलेली मुले बाजारातल्या हिशेबात गांगरत. दोन्हीकडचे गणित एकच, पण मधल्या ओढ्यावर पूल नव्हता.

वाशीमच्या घरांनाही हे लागू आहे. रोज कणीक मळणारी मुलगी त्यामुळे गणितात आपोआप हुशार होत नाही. तसे असते तर पिढ्यान्‌पिढ्या चूल सांभाळणाऱ्या बायांना हिशेबासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले नसते. हात मोजतात, पण तोंड बोलत नाही आणि पाटीवर काही उमटत नाही, तोवर ते मोजणे हातातच राहते. म्हणून आमचे सांगणे चुलीपेक्षा चुलीजवळच्या बोलण्याबद्दल आहे. प्रश्न विचारायचा, उत्तराची वाट पाहायची, ‘तुला कसे कळले?’ असे पुन्हा विचारायचे, आणि शेवटी ते खडूने पाटीवर किंवा कोळशाने फरशीवर लिहायला लावायचे. ४ × २ = ८. ६ × २ = १२. परातीतली भाकर अशी पाटीवर पोहोचली की पूल बांधला गेला. यातले ‘वाट पाहायची’ हे सर्वांत अवघड. आपल्याला उत्तर सांगून टाकण्याची घाई असते, आणि तव्यावर भाकर करपत असते. मग प्रश्न भाकर उतरल्यावर विचारा, पण उत्तर मुलाचे त्यालाच काढू द्या.

वय पाहून काम द्यावे. तीन-चार वर्षांच्या पोराने माणशी एक ताट, ताटाशी एक वाटी मांडावी. एकास एक जोडी लावणे हा मोजणीचा पाया आहे. पाच-सहा वर्षांच्याने उंच गडव्यातले पाणी पसरट गंजात ओतून सांगावे, पाणी वाढले की कमी झाले? या वयाची मुले बहुधा उंच भांड्यातले पाणीच जास्त समजतात, हे स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले होते. परत गडव्यात ओतून पाहिले की मूल स्वतःच चकित होते. सात-आठ वर्षांच्याने कुकरच्या शिट्ट्या आणि घड्याळाचे काटे सांभाळावेत. नऊ-दहा वर्षांच्याने किराण्याची चिठ्ठी लिहावी, पावशेर आणि अडीचशे ग्रॅममधला फरक शोधावा, दुकानदाराचा हिशेब तपासावा. विस्तव, उकळते तेल आणि विळी मोठ्यांच्याच हातात राहू द्यावी.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली, हे आवाहन मुलींना चुलीशी बसवण्याचे नाही. त्या आधीच पुष्कळ बसल्या आहेत. ज्या घरात मुलगी भांडी घासते आणि मुलगा क्रिकेट खेळतो, तिथे ‘स्वयंपाकातून गणित’ म्हणजे जुन्याच कामाला नवे नाव. मुलगाही परातीशी बसला पाहिजे आणि बापही. सोयाबीनचा ओलावा, कट्ट्यांचे वजन आणि क्विंटलचा भाव एका दमात सांगणाऱ्या बापाला शेंगा सोलताना चार प्रश्न विचारणे जड जाऊ नये. दुसरी, परीक्षा घेऊ नका. चूक झाली म्हणून टपली बसली, तर मुलाला गणिताबरोबर स्वयंपाकघराचीही भीती बसेल.

मानोरा, मंगरुळपीरकडच्या तांड्यांवरचे मूल घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत मराठी ऐकते. पहिलीत ते गप्प बसते, तेव्हा त्याला गणित येत नाही असा शेरा सहज पडतो. घरच्या भाषेत दाणे मोजून, वाटून, जोड्या लावून आलेल्या त्या मुलाला संख्या कळलेली असते, फक्त तिचे मराठी नाव शिकायचे असते. तांड्यावरच्या मायने गोरमाटीतच विचारावे. संख्या कोणत्याही बोलीत तीच असते.

शाळेलाही या वाटेवर अर्धे अंतर चालून यावे लागेल. तिच्या आवारात रोज खिचडी शिजते. पोषण आहाराच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० आणि ३०. दोन्हीकडे प्रमाण पाचास एक. भास्कराचार्यांच्या प्रवाशाचे दोनास एक होते. त्याचे मापाचे आणि आपले वजनाचे, तरीही त्याच्या खिचडीत डाळ अधिक असणार हे चौथीचे पोरही सांगेल. आज वर्गात ३७ मुले हजर, तर तांदूळ किती काढायचा? तीन किलो सातशे ग्रॅम, आणि डाळ सातशे चाळीस. हे उदाहरण रोज फळ्यावर का येऊ नये? आपल्याच विदर्भात, १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली आणि सेवाग्रामच्या शाळेत मुलांनी सूतकताई, शेती आणि स्वयंपाकातून हिशेब शिकला. तो प्रयोग मागे पडला, पण खिचडीचे पातेले प्रत्येक शाळेत आहे. घरी भाकरीचा हिशेब करणाऱ्या मुलाला शाळेत खिचडीचा हिशेब भेटला, तर त्याला घर आणि वर्ग ही दोन वेगळी गावे वाटणार नाहीत.

संक्रांत आता तीन आठवड्यांवर आली आहे. घरोघरी तीळ भाजले जातील. लाडवाचे साधे प्रमाण घ्या, दोन वाट्या तिळांना दीड वाटी गूळ. यंदा पाहुणे जास्त, तीळ तीन वाट्या घेतले. मग गूळ किती? तीळ निवडायला बसलेल्या मुलाला, मुलीला हे विचारा. एखादे ‘अडीच’ म्हणेल, कारण तिळात एक वाढवली तर गुळातही एक वाढवावी असे त्याला वाटेल. तसे करून एक लाडू वळू द्या, चाखू द्या, फारच चिकट झाला म्हणू द्या. बरोबर उत्तर सव्वादोन वाट्या आहे. ते तुम्ही मात्र सांगू नका.